अर्जाची पोच : बेरोजगार तरुण, विद्यावेतन आणि पावणेदोनशे वर्षांचा कायदा

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे रोजगार कार्यालयाचं काम कुठून आलं. फॉर्म कसा भरायचा, कागद कुठले जोडायचे, महिन्याला किती मिळतात, हे तर कुठल्याही महा-ई-सेवा केंद्रातला मुलगा सांगेल. खरं आहे. पण त्या फॉर्मला मोठा इतिहास आहे. गंमत म्हणजे कागद बदलले, कचेऱ्या बदलल्या, आता तर सगळं मोबाइलवर आलं, तरी अर्ज करणाऱ्याच्या हातात शेवटी काय पडतं हा प्रश्न फारसा हललेला नाही. आज मला तेवढाच एक प्रश्न धरून चालायचं आहे.

सुरुवात आपल्याच भाषेतल्या एका शब्दापासून करू. ‘उमेदवार’. आज हा शब्द ऐकला की आपल्याला निवडणूक आठवते. पण जुन्या मराठीत उमेदवार म्हणजे कचेरीत बसून काम शिकणारा, नकला करणारा, दप्तर बांधणारा आणि जागा रिकामी व्हायची वाट पाहणारा माणूस. शब्द फारसीतून आला, उमेद म्हणजे आशा. पगार नाही, आशा आहे! मामलेदार कचेरीत, कोर्टात, वकिलाकडे अशी उमेदवारी करायची पद्धत होती. आता विचार करा, महिनेच्या महिने बिनपगारी कोण बसू शकेल? ज्याच्या घरी खायला आहे तो. ज्याचा काका-मामा त्या कचेरीत आहे तो. म्हणजे शिकण्याची संधी कोणाला, हे कौशल्यावर ठरत नव्हतं, घरच्या परिस्थितीवर आणि ओळखीवर ठरत होतं. ‘विद्यावेतन’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याचं ऐतिहासिक काम हे होतं. ज्याच्या घरी खायला नाही त्यालाही शिकायला बसता यावं.

कायद्याच्या पुस्तकात हा विषय पहिल्यांदा येतो १८५० मध्ये. कंपनी सरकारचा १८५० चा १९ वा कायदा. हा होता मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांसाठी. १० वर्षांपेक्षा मोठ्या आणि १८ पेक्षा लहान मुलाला त्याचा बाप किंवा पालक एखाद्या कारागिराकडे, धंद्यात शिकायला ‘बांधून’ देऊ शकत होता. मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि वयाच्या २१ वर्षांपलीकडे नाही. मुलीच्या बाबतीत लग्न होईपर्यंत. ‘बांधून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कायद्याच्या इंग्रजीतही तोच भाव आहे. इथे मुलगा अर्ज करतच नाही. त्याच्या वतीने मोठी माणसं करार करतात. हा कायदा किती वर्षं टिकला असेल? १११ वर्षं. तो रद्द झाला १९६१ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळूनही १४ वर्षं तो पुस्तकात होता.

प्रत्यक्षात मात्र मुंबईत काम शिकण्याचा रस्ता या कायद्यातून जात नव्हता. तो गिरणीच्या फाटकातून जात होता. कोकणातून, घाटावरून पोरगा आला की गावच्या गाळ्यात उतरायचा, आणि नात्यातला कोणीतरी त्याला खात्यात घेऊन जायचा. साच्यावर मामाच्या मागे उभं राहून शिकायचं. आणि कामाला लावणारा कोण? जॉबर. आपल्याकडे त्याला मुकादम म्हणायचे. भरती त्याच्या हातात, खाडा झाला तर जागा दुसऱ्याला देणं त्याच्या हातात, आणि त्याबद्दल दस्तुरी घेणंही त्याच्याच हातात. १९३१ च्या रॉयल कमिशनने या पद्धतीवर कडक टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची पद्धत लावली. कार्ड मिळालेल्या बदलीने रोज सकाळी फाटकावर हजर व्हायचं, काम असेल तर आत, नसेल तर परत. बदली कार्ड हे एका अर्थाने आपल्याकडचं पहिलं व्यापक ‘नाव नोंदवलं आहे, बोलावलं तर या’ असं कागदपत्र.

इथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे, कारण पुढे जेव्हा आपण फॉर्मला आणि पोर्टलला नावं ठेवू तेव्हा ती विसरायला होते. ओळखीतून शिकण्याची जी पद्धत होती, तिच्यात गिरणीतलं विणाई खातं दलित कामगारांना जवळजवळ बंद होतं. विणाईत पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, म्हणून स्पृश्य कामगार तिथे अस्पृश्यांना येऊ देत नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला, संपाच्या पुढाऱ्यांनाही विचारला. मामाच्या मागे उभं राहून शिकायचं असेल तर मामा त्या खात्यात असावा लागतो. आणि मामाला आत येऊच दिलं नसेल तर? अशा माणसासाठी कोरा, सगळ्यांना सारखा असलेला अर्ज ही फार मोठी गोष्ट आहे. १९७३ मध्ये शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या, त्याचं महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतं.

आता सरकारी नोंदणीकडे येऊ. ती सुरू झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ मध्ये लाखो सैनिक घरी परतणार होते, त्यांना कामाला कसं लावायचं या चिंतेतून पुनर्वसन आणि रोजगाराचं एक संचालनालय उभं राहिलं आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली. १९४८ पासून ती सगळ्यांना खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. इथे बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांनी ते कार्ड काढलं असेल. दहावीचा निकाल लागला की कॉलेजच्या प्रवेशाइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे नाव नोंदवणं. नंबर मिळायचा, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं. ते चुकलं की ज्येष्ठता गेली, पुन्हा शेवटच्या नंबरवर! मग ‘कॉल’ यायचा, किंवा यायचाच नाही.

१९५९ मध्ये कायदा झाला की मालकांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्याच पाहिजेत. १ मे १९६० पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्याच दिवसापासून तो लागू झाला. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा. आता या कायद्याचं चौथं कलम वाचा. जागा कळवणं बंधनकारक. आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की कळवली म्हणून एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असं बंधन नाही. कळवायचं बंधन आहे, घ्यायचं नाही. हा नमुना लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

तो लगेच दोन वर्षांत भेटतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, अप्रेंटिसेस ॲक्ट. मला हा कायदा खरोखर महत्त्वाचा वाटतो. १८५० च्या कायद्याशी तुलना करा. तिथे मुलगा बांधला जात होता, इथे बांधला गेला मालक. नेमून दिलेल्या व्यवसायात, फिटर, टर्नर, वेल्डर वगैरे, कामगारांच्या प्रमाणात इतके शिकाऊ घ्यायलाच हवेत. करार लेखी, तो सल्लागाराकडे नोंदवायचा. विद्यावेतन द्यायचं. कारखाना कायद्यातल्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदी लागू. कामावर इजा झाली तर भरपाई. नियम मोडला तर मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल इतकी कडक शिक्षा पुस्तकात होती. सुरुवातीला आयटीआयवाल्यांचा असलेला हा कायदा १९७३ मध्ये अभियांत्रिकी पदवीधर आणि पदविकाधारकांपर्यंत गेला, १९८६ मध्ये बारावी व्यावसायिक अभ्यासक्रमवाल्यांपर्यंत. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, सातपूर, या पट्ट्यांत जी कुशल कामगारांची पिढी उभी राहिली तिच्यातल्या किती जणांच्या भिंतीवर अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र आहे ते त्या घरांत जाऊन पाहा.

पण याच कायद्यात दोन कलमं आहेत. कलम १८ म्हणतं, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. आणि मूळ कलम २२ म्हणत होतं, प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. आणि त्यानेही ती स्वीकारलीच पाहिजे असं नाही, अशी भर होती. कागदावर अगदी समसमान! फक्त करारातच तशी अट लिहिली असेल तर ती पाळावी लागते. आपल्याकडे किती मुलांनी करार सही करण्याआधी ही अट आहे का हे पाहिलं असेल?

आता १९७० चं दशक. महाराष्ट्राच्या इतिहासातला हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो, म्हणून थोडा जास्त वेळ घेतो.

वि. स. पागे हे नाव आपल्या परिचयाचं आहे. विधान परिषदेचे सभापती, मूळ सांगली जिल्ह्यातले. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांनी एक प्रयोग केला: हात मोकळे असलेल्या माणसाने काम मागायचं आणि सरकारने द्यायचं. १९७२ च्या दुष्काळाने त्या कल्पनेची निकड सगळ्या राज्याला पटली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. तुमच्या पगाराच्या पावतीवर जो दरमहा कापला जातो ना, तो हाच. आता या कायद्यात अर्जाला काय किंमत आहे पाहा. गावातल्या माणसाने काम मागितलं की १५ दिवसांत काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता किती? दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे नगण्यच. पण तत्त्व काय आलं? अर्ज दिला त्या तारखेपासून सरकारवर घड्याळ सुरू झालं. म्हणूनच रोहयोच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवली: नमुना ४ भरा आणि पोच घ्या. तारखेची पोच. पोच नसेल तर मागणीच झाली नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही तारीख घातलेली पावती आणि १५ दिवसांची मुदत ही तरतूद आली. ती आपल्याकडच्या या अनुभवातून गेली असं म्हणायला हरकत नाही.

आणि त्याच दशकात, डिसेंबर १९७४ मध्ये, याच राज्य सरकारने सुशिक्षित बेरोजगारांसाठी रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला. शिकलेल्या बेकार मुलाला आस्थापनेत काही महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यायचा, शिक्षणानुसार विद्यावेतन द्यायचं. कल्पना चांगलीच होती. पण ती शासन निर्णयाची योजना होती, हक्काचा कायदा नव्हता. म्हणजे एकाच मंत्रालयाच्या इमारतीतून दोन प्रकारचे अर्ज निघाले. अंगठा उठवून खडी फोडायचं काम मागणाऱ्या बाईच्या अर्जाला कायद्याची मुदत आणि नुकसानभरपाई होती. बी.ए. झालेल्या तिच्या मुलाच्या अर्जाला फक्त नोंदणी क्रमांक होता. शिक्षणाने मुलगा आईच्या पुढे गेला, पण अर्जदार म्हणून तो मागे राहिला. याची कारणं होती. अंगमेहनतीचं काम सरकार स्वतः काढू शकतं, रस्ता, पाझर तलाव, बंडिंग. कारकुनाची किंवा मेकॅनिकची जागा सरकार आज्ञा देऊन निर्माण करू शकत नाही. हा युक्तिवाद मला पूर्ण खोटा वाटत नाही. पण तो ५० वर्षं पुरेसा मानला गेला, हे खटकतं.

न्यायालयात हा प्रश्न गेलाच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात निकाल दिला. समोर कोण होतं? परिवहन निगम शिशुक्षु बेरोजगार संघ. नाव पुन्हा ऐका. शिकाऊ म्हणून शिकून बाहेर पडलेल्या बेकारांची संघटना! न्यायालयाने नोकरीचा हक्क मान्य केला नाही. पण सांगितलं की बाकी गोष्टी समान असतील तर प्रशिक्षण घेतलेल्याला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, त्याचं नाव एक्स्चेंजमधून यायलाच हवं असा आग्रह नको, प्रशिक्षणात गेलेल्या काळाइतकी वयाची सवलत द्यावी, आणि प्रशिक्षितांची वर्षवार यादी ठेवावी. एसटी, वीज मंडळ, रेल्वे यांच्या भरतीत अप्रेंटिस झालेली मुलं आजही ज्या निकालाचा हवाला देतात तो हा.

पुढचा टप्पा भराभर सांगतो. २०१४ मध्ये अप्रेंटिस कायदा सैल झाला. मालकाची कैद गेली, त्याऐवजी दंड आला. व्यवसायवार प्रमाणाच्या जागी एकूण मनुष्यबळाच्या टक्केवारीचा पट्टा आला. ऑगस्ट २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा काही भाग, २५ टक्के किंवा कमाल १,५०० रुपये, स्वतः उचलू लागलं. कल स्पष्ट आहे. १९६१ मध्ये मालकाला सांगितलं होतं ‘तुला घ्यावंच लागेल’, २०१६ मध्ये सांगितलं ‘घेतलंस तर आम्ही मदत करू’.

आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने पुढचं पाऊल टाकलं: ‘तू घे, पैसे आम्हीच देतो’. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. लोकांच्या तोंडी ‘लाडका भाऊ’. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा, जुलैमध्ये शासन निर्णय. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नसलेला. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००. वर्षाला १० लाख तरुणांचं उद्दिष्ट. महास्वयंम् पोर्टलवर नोंदणी, आधारशी जोडलेलं बँक खातं, त्यात थेट रक्कम. मुदत ६ महिने. खाजगी आस्थापनांबरोबर सरकारी कार्यालयंही यात होती. आणि झालं असं, की बरीच मुलं-मुली ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये, आरोग्य केंद्रात रुजू झाली. घराजवळ, सरकारी टेबलावर.

मला या योजनेची चेष्टा करायची नाही. ज्या मुलीला लग्नाआधी गावाबाहेर कामाला पाठवत नाहीत, तिने सहा महिने पंचायतीच्या संगणकावर दाखले काढले आणि स्वतःच्या खात्यात पैसे आले, तिच्यासाठी हे लहान नाही. पण शासन निर्णयात तेच जुनं कलम नव्या शब्दांत आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, औद्योगिक विवाद हे कायदे या प्रशिक्षणार्थ्यांना लागू नाहीत. प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे. आणि ज्या कार्यालयात मुळात जागा रिकाम्या आहेत तिथे हे शिकाऊ बसले, आणि त्यांनी काम केलं. शिकणारा आणि जागा भरून काढणारा यांतली रेघ अशी पुसली जाते. मग सहा महिने संपले. आंदोलनं झाली, २०२५ मध्ये मुदत ५ महिन्यांनी वाढून ११ महिने झाली, तीही संपली. मुंबई-नागपूरला मुलं पुन्हा मोर्चा घेऊन आली: आम्हाला कायम करा. कागद पाहिला तर मागणीला आधार नाही. इतिहास पाहिला तर ही मागणी दुसरी कुठली असणार होती? उमेदवारी करणारा माणूस जागेच्याच आशेने बसतो, हे आपल्या भाषेने दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत उलट अनुभव आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, वय २१ ते २४, १२ महिने, महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदाच ६,०००. मोठ्या कंपन्या. पहिल्या फेरीत सुमारे ८२,००० जागा देऊ केल्या गेल्या. स्वीकारल्या सुमारे २८,००० जणांनी, आणि प्रत्यक्ष रुजू झाले जेमतेम ८,७००. अर्ज मात्र लाखांनी आले होते. अंतर, वर्षभराची मुदत, न आवडलेलं काम, ही कारणं सरकारनेच सांगितली. परभणीच्या मुलाला ५,००० रुपयांत पुण्यात खोली, खाणावळ आणि बसभाडं जमवून पाहा. बिनपगारी उमेदवारीच्या काळचा प्रश्न, घरून पैसे कोण घालणार हा, इथे जसाच्या तसा परत आलाय.

तेव्हा इथे जी तरुण मंडळी ऐकताहेत, ज्यांना असा अर्ज करायचा आहे, त्यांच्यासाठी या सगळ्यातून चार कामाच्या गोष्टी सांगतो आणि मग तुमचे प्रश्न घेऊ. पहिल्यांदा बघा की तुम्ही कुठल्या दारातून आत जाताय: अप्रेंटिस कायद्यातून की शासन निर्णयाच्या योजनेतून. फिटर-वेल्डरच्या कामाला आस्थापना ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून घेत असेल तर करार अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदवलाय का विचारा, कारण इजेची भरपाई, सुरक्षिततेचे नियम हे त्या कायद्यात आहेत. रुजू झाल्याचं पत्र, हजेरीची नोंद, महिन्याचं विद्यावेतन जमा झाल्याची नोंद जपून ठेवा. १९९५ च्या निकालाचा फायदा ज्यांना मिळाला ते प्रशिक्षण झाल्याचं कागदावर दाखवू शकले म्हणून. शेवटी एक कलम, जे फार कमी जणांना माहीत असतं. २०१४ च्या दुरुस्तीत कलम २२ बदललं. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांच्या भरतीबाबत प्रत्येक आस्थापनेने स्वतःचं धोरण आखायचं आहे, असं आता त्यात लिहिलंय. धोरण काय असावं हे कायदा सांगत नाही. पण धोरण असलं पाहिजे, असं सांगतो. मुलाखतीला बसाल तेव्हा ते धोरण मागा, लेखी मागा, आणि मागितल्याची पोच घ्या.